पाऊस तेवढाच, मग पाणी गेलं कुठं?

राळेगावातून कुठल्याही रस्त्यानं बाहेर पडा, दोन्ही अंगांना पऱ्हाटी आणि तूर दिसते. तालुक्याच्या कडेनं वर्धा नदी वाहते, वडकीवरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो आणि मधल्या भागात काळ्या मातीची वावरं, झुडपी जंगलाचे तुकडे आणि असंख्य नाले आहेत. वर्षाला साधारण नऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडणारा हा मुलूख. दुष्काळी म्हणावा असा हा आकडा नाही. तरीही कापसाच्या शेवटच्या वेचणीच्या सुमारास पारावर एक प्रश्न हमखास निघतो: "यंदा सरासरीइतका पाऊस झाला म्हणतात. मग आपली विहीर संक्रांतीलाच तळाला कशी गेली?"

प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर एकट्या शास्त्रज्ञाकडे नाही, एकट्या कृषी सहायकाकडे नाही आणि एकट्या कास्तकाराकडेही नाही. तिघांकडे उत्तराचा एकेक तुकडा आहे. ते तुकडे जुळवायचे कसे, हे या प्रकरणात पाहू.

१. इंचभर पाऊस म्हणजे किती पाणी?

आधी हिशेबाची भाषा शिकून घेऊ. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात आणि पाणी लिटरमध्ये. दोन्हींची सांगड घालायला एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुरे: एका एकरावर एक इंच, म्हणजे पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला की जवळपास एक लाख लिटर पाणी मिळतं. दहा हजार लिटरचे दहा टँकर! हेक्टरमध्ये बोलायचं तर शंभर मिलिमीटर पावसाचे दहा लाख लिटर होतात.

आता पाचशे हेक्टर शिवाराचं एक गाव कल्पनेनं घेऊ. तिथे वर्षभरात नऊशे मिलिमीटर पाऊस पडला, तर शिवारावर ४५० कोटी लिटर पाणी उतरलं. गावात दीड हजार माणसं आहेत. माणशी रोज ५५ लिटर हे जलजीवन मिशनचं माप लावलं, तर वर्षाला लागतात सुमारे तीन कोटी लिटर. म्हणजे आभाळानं दिलेल्या शंभर रुपयांतला एक रुपयाही पिण्याला लागत नाही. तरी उन्हाळ्यात टँकर येतो. कमाई बरी असूनही महिनाअखेरीला खिसा रिकामा राहतो, तेव्हा आपण पगाराला नाही, खर्चाच्या वहीला हात घालतो. पाण्याचंही तसंच आहे.

२. सरासरी कशी फसवते?

दोन शेजारी वावरं घेऊ. जमीन सारखी, पीक सारखं, आणि आठ दिवसांत दोन्हीकडे पाऊसही सारखाच पडला, १२० मिलिमीटर. फरक एवढाच की पहिल्या वावरात आठ दिवस झड लागली, रोज पंधरा मिलिमीटर. दुसऱ्यात तो सगळा पाऊस पहिल्याच दिवशी दुपारी दोन तासांत कोसळला.

पहिल्या वावरात पाणी सावकाश मुरलं. दुसऱ्यात, समजा, ४५ मिलिमीटर मुरलं आणि उरलेलं ७५ मिलिमीटर धुऱ्यावरून उड्या मारत नाल्याला गेलं. जाताना वरची माती खरडून घेऊन गेलं, ते वेगळंच. पिकाला रोज पाच मिलिमीटर ओल लागते असं धरू. मग पहिल्या वावराची १२० मिलिमीटर ओल चोवीस दिवस पुरली. दुसऱ्याची ४५ मिलिमीटर नवव्या दिवशी संपली. त्यानंतर दोन आठवड्यांची उघाड पडली, तर पहिल्याची पऱ्हाटी हिरवी आहे आणि दुसऱ्याकडे पातेगळ सुरू झाली आहे. पाऊस नोंदवायच्या वहीत मात्र दोघांसमोर आकडा एकच: १२०.

काळ्या मातीचा स्वभाव इथे आणखी भर घालतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो. पण ही माती चिकण असते. ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी फार हळू मुरतं. जाड पावसाला ती अर्ध्यावरच दार लावून घेते. तिच्या खाली बहुतेक ठिकाणी काळा खडक, बेसॉल्ट. त्याच्या पोटात मोठी जागा नसते. झिजलेल्या थरात आणि फटींत राहील तेवढंच भूजल. म्हणून इथली विहीर लवकर भरते आणि लवकरच उतरते.

३. पाऊस खरंच बदललाय का?

"पूर्वीसारखी झड आता राहिली नाही," असं म्हातारी माणसं म्हणतात. हा केवळ आठवणींचा गोडवा आहे का, हे तपासायला जुन्या नोंदी लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मध्य भारतावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीनं वाढल्याचं त्यांना दिसलं. याच काळात पावसाळ्यातला एकूण पाऊस मात्र घटीकडे झुकला होता. म्हणजे आभाळ देतं थोडं कमी, आणि देतं तेही एकरकमी.

याचं कारण अरबी समुद्राकडून येणाऱ्या बाष्पात आहे. हवा एका अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. मोठी झालेली घागर उशिरा भरते, पण उपडी झाली की जास्त सांडते.

यवतमाळ जिल्ह्यानं हे डोळ्यांनी पाहिलं आहे. २२ जुलै २०२३ रोजी झालेल्या पावसानं यवतमाळ शहरात घरांत पाणी शिरलं आणि महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाला पाचारण करावं लागलं. अशा एका दिवसाचा पाऊस वर्षाच्या सरासरीत मिसळला की वर्ष 'चांगलं' दिसतं. विहिरीला मात्र त्या दिवसाचा फारसा उपयोग नसतो.

४. दोन माणसं, दोन प्रश्न

इथपर्यंतचं सगळं शास्त्रज्ञाला ठाऊक आहे. मग अडतं कुठे? अडतं ते मापात.

हवामानाची गणितं करणारा संगणक पृथ्वीवर चौकटी आखतो. जागतिक पातळीवरच्या गणितात एक चौकट बहुधा पन्नास-शंभर किलोमीटरची असते. अख्खा राळेगाव तालुका एका चौकटीत मावेल. काळाचं मापही असंच लांब, वीस-तीस वर्षांचं. उलट निर्णय घेणारा माणूस गट नंबरात आणि आठवड्यात विचार करतो. कृषी सहायकाला ठरवायचं असतं की या नाल्यावर बांध घालायचा की त्या. वनरक्षकाला ठरवायचं असतं की कोणत्या पाणवठ्यावर एप्रिलपासून टँकर लावायचा. कास्तकाराला ठरवायचं असतं की गुरुवारी खताची मात्रा द्यायची की थांबायचं. "२०५० पर्यंत तापमान वाढेल" हे वाक्य खरं असूनही या तिघांच्या उपयोगाचं नाही. हे म्हणजे चष्म्याचा नंबर विचारायला गेलेल्याला दुर्बीण हाती देण्यासारखं झालं.

शास्त्राचं माप आणि प्रशासनाचा निर्णय जिथे जुळतात, तिथे आकडा कसा जिवंत होतो, याचं उदाहरण प्रत्येक कास्तकाराला पाठ आहे: ६५ मिलिमीटर. महसूल मंडळात चोवीस तासांत एवढा पाऊस झाला की ती अतिवृष्टी, आणि मग पंचनाम्याचा रस्ता खुला होतो. यातली गोमही कास्तकारच सांगतो. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, ढगफुटी आमच्या शिवारात! राज्यात २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, महसूल मंडळागणिक एक. जाळी बारीक झाली, पण नाल्याच्या अल्याडचा आणि पल्याडचा पाऊस वेगळा धरता येईल, इतकी नाही.

५. गावाची पाणी-वही

ही दरी बुजवण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. लोकांच्या तोंडी तो 'पोकरा'. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये तो सुरू झाला. पहिल्या टप्प्यात मराठवाड्याचे आठ जिल्हे, विदर्भातले सहा आणि जळगाव अशा पंधरा जिल्ह्यांतली पाच हजारांहून अधिक गावं होती. यवतमाळ त्या सहांपैकी एक. बदलत्या हवामानात शेती टिकवायची कशी, हा प्रकल्पाचा विषय.

यात आयआयटी मुंबईच्या 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रातले संशोधक कृषी विभागाबरोबर बसले. त्यांनी तयार केलेला पाण्याचा ताळेबंद घरखर्चाच्या वहीसारखाच आहे. जमेच्या बाजूला रोजचा पाऊस. तो मंडळातल्या केंद्रावरून येतो. खर्चाच्या बाजूला चार नोंदी:

- नाल्यानं वाहून गेलं किती,
- मातीत ओल म्हणून राहिलं किती,
- पिकानं उचललं किती,
- खडकात उतरून विहिरीच्या वाट्याला आलं किती.

माती किती खोल आणि कशी, उतार किती, पीक कोणतं, हे नकाशांवरून घ्यायचं आणि जूनपासून रोज हिशेब मांडत जायचा. दुसऱ्या भागात आपण दोन वावरांचं जे केलं, तेच मोठ्या प्रमाणावर. त्यातून दिसतं की पिकाची तहान नेमकी कधी आणि किती अपुरी राहते. हे कळलं की बांध, शेततळं, ठिबक यांपैकी कशाला किती वाव आहे, ते गावाला ठरवता येतं.

आपल्या कल्पनेतल्या गावात हे करून पाहू. ४५० कोटी लिटरपैकी दहा टक्के खडकात उतरले असं धरलं, तर ४५ कोटी लिटर भूजल झालं. त्यातलं बरंच नाल्याला पाझरून जातं, काही खरिपाला लागतं, काही पिण्यासाठी राखून ठेवायचं. रब्बीसाठी हाती उरले, समजा, पंधरा कोटी. हरभऱ्याला दोन पाळ्या दिल्या तर हेक्टरी साधारण दहा लाख लिटर लागतात, गव्हाला सहा पाळ्यांचे तीस लाख. म्हणजे गाव एकतर दीडशे हेक्टर हरभरा करू शकतं किंवा पन्नास हेक्टर गहू. शंभर हेक्टर गहू पेरला तर फेब्रुवारीत काय होईल, हे ऑक्टोबरमध्येच दिसतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

ही वही महाराष्ट्राला नवी नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं ती आधीपासून चालवली आहे. गावात पर्जन्यमापकं आहेत, पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडला जातो आणि पाऊस कमी पडला तर जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, असं गाव ठरवतं. तिथे शास्त्र सोपं होतं, शिस्त मोठी होती. आकड्यानंतर निर्णय घेणारी ग्रामसभा नसेल, तर ताळेबंद भिंतीवरचं रंगीत चित्र होऊन बसतो.

६. माथा विसरला की

शास्त्रज्ञ आणि काम करणारे हात वेगवेगळे चालले की काय होतं, तेही पाहिलं पाहिजे. डिसेंबर २०१४ मध्ये राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. कामं झपाट्यानं झाली. पण पाण्याच्या अभ्यासकांनी एका गोष्टीवर बोट ठेवलं: जेसीबी लावून नाले खोल करण्यावर भर फार, डोंगरमाथ्यापासून खाली येत जाण्यावर कमी. प्रा. एच. एम. देसरडा यांनी हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला आणि तपासणीसाठी माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

'माथा ते पायथा' या शब्दांमागचं तर्कशास्त्र स्वयंपाकघरातलं आहे. वरच्या मजल्यावरचा नळ उघडाच ठेवून खालची गळती बादलीनं टिपत बसलात, तर बादली भरतच राहणार. माथ्यावर समतल चर, मधल्या उतारावर बांधबंदिस्ती, आणि सगळ्यात शेवटी नाल्यात बांध, हा क्रम पाळला तर पाणी वरच अडतं आणि मातीही वरच राहते. क्रम उलटा केला तर पहिल्या जोराच्या पावसात वरची माती येऊन खालचा खोल केलेला नाला गाळानं भरतो. शिवाय खडकाचा कोणता थर पाणी धरतो आणि कोणता नुसताच खोदला जातो, हे भूजल सर्वेक्षणाचा माणूस सांगू शकतो. त्याला खोदाईआधी विचारलं तर तो सल्लागार. खोदाईनंतर विचारलं तर तो नुसता शवविच्छेदन करणारा.

७. त्याच नाल्यानं वाघही जातो

आता नाल्याच्या काठानं थोडं जंगलाकडे जाऊ. राळेगाव तालुक्यात जंगल सलग नाही. वावर, झुडपी, पुन्हा वावर अशी ठिगळं आहेत. त्यांना जोडणारा धागा म्हणजे झाडोऱ्यानं भरलेले नाले. उन्हाळा लांबला आणि पाणवठे लवकर आटले की हरीण, रानडुक्कर याच धाग्यानं सरकतात, आणि त्यांच्यामागे वाघ.

२०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यानं याची सर्वांत कडू बाजू अनुभवली. टी-१ या वाघिणीच्या हल्ल्यांत तेरा माणसं गेल्याचं वन विभागाचं म्हणणं होतं. तिला शोधायला कॅमेरा ट्रॅप लागले, लाळेच्या नमुन्यांची डीएनए तपासणी झाली, ड्रोन, हत्ती, पॅराग्लायडर आले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या परिसरात तिला गोळी घातली गेली आणि पुढे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वादात इथे शिरायचं नाही. एवढंच पाहायचं की शास्त्राची साधनं आली तेव्हा गावं भीतीनं बंद झाली होती, वेचणीला माणूस मिळत नव्हता आणि प्रत्येक निर्णय घाईचा होता.

पुढच्याच वर्षी शेजारी वेगळी गोष्ट घडली. टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी आणि वन विभागानं मिळून रेडिओ कॉलर लावली. टिपेश्वर जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. वयात आलेल्या वाघाला तिथे जागा नव्हती. २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडावर तो निघाला आणि विदर्भ, मराठवाडा, तेलंगणाचा कोपरा असं फिरत पाच महिन्यांत तेराशे किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण नोंदलेली चाल तीन हजार किलोमीटरच्या वर गेली. दिवसा झाडोऱ्यात दडायचं, रात्री शेतांमधून पुढे सरकायचं, अशी त्याची रीत. संशोधकांना मिळालं वाघाच्या वाटेचं ज्ञान. त्या त्या भागातल्या वनाधिकाऱ्यांना कळलं की पाहुणा कोणत्या शिवारात आहे. एकाच कॉलरनं दोघांच्या प्रश्नांची उत्तरं दिली, कारण ती प्रश्न पेटण्याआधी लावलेली होती.

हवामान बदलाशी याचा संबंध सरळ आहे. ऊन-पाण्याची घडी विस्कटली की वनस्पती आणि प्राणी जागा बदलू पाहतात. जागा बदलायला वाट लागते. देशाच्या २०१७ ते २०३१ च्या वन्यजीव कृती आराखड्यात हवामान बदलाला पहिल्यांदा ठळक स्थान मिळालं. पण राळेगावात ती वाट म्हणजे कागदावरचा पट्टा नाही, ती आपल्या वावराच्या टोकाचा नाला आहे. म्हणूनच नाला सरळ आणि खोल करताना काठचा झाडोरा साफ करायचा की ठेवायचा, हा प्रश्न कृषी, जलसंधारण आणि वन या तिन्ही खात्यांचा आहे. आज तिन्ही खाती तिथे वेगवेगळ्या दिवशी येतात.

८. दोन्हीकडून चालणारी कामं आणि विहिरीवरची खूण

"पुढचा पाऊस कसा असेल हे छातीठोकपणे सांगता येत नाही, मग तयारी कशाची करायची?" हा रास्त प्रश्न आहे. त्याला उत्तर असं: आधी ती कामं निवडा, जी पाऊस जास्त झाला तरी चालतात आणि कमी झाला तरी. रुंद वरंबा-सरीवर पेरलेलं सोयाबीन घ्या. धो धो पावसात जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, पीक चिबडत नाही. उघाडीत सरीत मुरलेली ओल मुळांना मिळते. नाल्याकाठचा झाडोरा पुरात माती धरतो आणि उन्हाळ्यात जनावरांना सावली देतो. अशा कामांना भविष्य पक्कं कळायची वाट पाहावी लागत नाही.

बाकीच्या कामांसाठी नियम स्वयंपाकाचा: थोडं घाला, चव घ्या, मग वाढवा. दोन नाल्यांपैकी एकावर काम करा, दुसरा तसाच ठेवा, दोन्हींच्या काठच्या विहिरी मोजा आणि पुढच्या वर्षी ठरवा. शास्त्रज्ञाला यातून नोंद मिळते, गावाला निर्णय. सहकार्य म्हणजे सुबक अहवाल सुपूर्द करणं नव्हे. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींसारखं ते असतं: अर्धा फेरा एकीच्या हातानं, अर्धा दुसरीच्या. एकीनं हात काढला तरी जातं फिरेल, पण दळण लांबेल आणि खांदा भरून येईल.

मोजायला मोठी यंत्रणा लागत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुम्ही आपल्या विहिरीवर तेच करू शकता. दोरीला दगड बांधा, हातभर अंतरावर गाठी मारा, पाण्यापर्यंत सोडा, मोजा. त्या दिवशीचा आकडा तारखेसह गेरूनं विहिरीच्या आतल्या भिंतीवर लिहा. तीन-चार वर्षांत तिथे बारा-सोळा ओळी होतील.

मग कधी ताळेबंदाचा कागद घेऊन कुणी गावात आलं, तर त्याला आधी चहा द्या आणि नंतर विहिरीवर न्या. कागद म्हणेल, इथे पाणी मार्चपर्यंत पुरायला हवं. गेरूची ओळ म्हणेल, जानेवारीतच संपलं. दोघांत जिथे फरक पडेल, तिथेच दोघांनी बसायचं: मातीची खोली चुकली का, मंडळातला पाऊस आपल्याकडे पडलाच नाही का, की वरच्या अंगाला कुणी नवी बोअर मारली? पारावरच्या त्या प्रश्नाचं उत्तर त्या फरकात आहे.